किनाऱ्यावरील माशांतील परजीवी कृमी: मासा आणण्यापासून नोंद पूर्ण होईपर्यंतची कार्यपद्धती

कोकणपट्टीतील आणि गोव्यातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी माशांतील कृमी गोळा करतात, आणि त्यातील बरेच प्रकल्प एकाच ठिकाणी फसतात. नमुने जमतात, बाटल्या भरतात, पण ओळख पटवायची वेळ येते तेव्हा बाटलीत आक्रसलेला, डोके तुटलेला किंवा काचपट्ट्यांमध्ये चेपून विद्रूप झालेला कृमी निघतो. ही चूक सूक्ष्मदर्शकाखाली होत नसते. ती मासा उघडल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात, म्हणजे अवयव कोणत्या क्रमाने तपासले आणि जिवंत कृमी कसा मारला, तेथे होते. म्हणून या लेखात त्या तासाला सर्वांत जास्त जागा दिली आहे. रंजन (नमुना रंगवणे) आणि आरोहण (तो काचपट्टीवर कायमचा बसवणे) यांची माहिती प्रात्यक्षिकाच्या पुस्तकांत मिळते, त्यामुळे ते भाग येथे थोडक्यात आहेत.

१. मासा आणण्यापूर्वीची तयारी

मासा टेबलावर आल्यानंतर द्रावणे करायला बसू नये. पुढील वस्तू आदल्या दिवशी मांडून ठेवाव्यात: एक मोठी आणि एक बारीक टोकाची कात्री, दोन चिमटे, दोन सुया, मऊ केसांचा बारीक कुंचला, ड्रॉपर, पेट्री डिश, उभट काचेचे चंबू, फूटपट्टी, वजनकाटा आणि डिसेक्टिंग मायक्रोस्कोप. काळ्या कागदाचा एक तुकडा जवळ असावा, कारण पेट्री डिशखाली काळी पार्श्वभूमी असली की पांढुरके, पारदर्शक कृमी लगेच दिसतात.

द्रावणे चार लागतात. पहिले मिठाचे: एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ९ ग्रॅम सोडियम क्लोराइड. दुसरे ७० टक्के अल्कोहोल. ते ९५ टक्के अल्कोहोलपासून करायचे असल्यास ७० मिलिलिटर अल्कोहोल घेऊन पाण्याने एकूण आकारमान ९५ मिलिलिटर करावे. तिसरे ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोल, केवळ डीएनए तपासणीसाठीच्या नमुन्यांकरिता. चौथे दहा टक्के फॉर्मॅलिन.

या चौथ्या द्रावणाबाबत गोंधळ इतका सर्रास आहे की तो वेगळा सांगावा लागतो. बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये फॉर्माल्डिहाइड ३७ ते ४० टक्के असते. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिसळले की दहा टक्के फॉर्मॅलिन होते, आणि त्यात फॉर्माल्डिहाइड सुमारे ४ टक्के असते. म्हणजे एका पुस्तकातील ‘१० टक्के फॉर्मॅलिन’ आणि दुसऱ्यातील ‘४ टक्के फॉर्माल्डिहाइड’ हे एकच द्रावण आहे. विद्यार्थी अनेकदा बाटलीतील ४ मिलिलिटर द्रव ९६ मिलिलिटर पाण्यात घालतात, आणि अशा फिक्या द्रावणात नमुना हळूहळू सडू लागतो. नमुने दीर्घकाळ ठेवायचे असल्यास द्रावण उदासीन करावे. त्यासाठी १०० मिलिलिटर फॉर्मॅलिन आणि ९०० मिलिलिटर पाण्यात ४ ग्रॅम मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायबेसिक सोडियम फॉस्फेट विरघळवावे.

लेबले पेन्सिलीने जाड कागदावर लिहून बाटलीच्या आत टाकावीत. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये पसरते, आणि बाटलीबाहेर चिकटवलेले लेबल दमट हवेत गळून पडते. कोकणातल्या पावसाळ्यात तर ते महिनाभरही टिकत नाही.

सावधान: फॉर्मॅलिनची वाफ डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला घातक असल्याने ते हातमोजे घालून, हवा खेळती असलेल्या जागीच हाताळावे आणि उघड्या वर्गात कधीही तापवू नये. अल्कोहोल तर उघड्या ज्योतीवर ठेवूच नये. या लेखातील पद्धतीत तापवायचे असते ते फक्त मिठाचे किंवा समुद्राचे पाणी.

२. मासा निवडणे आणि आणणे

प्रकल्पासाठी पाच जातींचे चार-चार मासे घेण्यापेक्षा एकाच जातीचे तीस-चाळीस मासे घेणे केव्हाही हिताचे, कारण संसर्गाचे प्रमाण सांगण्यासाठी संख्या लागते. बांगडा, वाकटी, ढोमा आणि बोय हे मासे सहज मिळतात, परवडतात आणि त्यांच्यात कृमीही आढळतात. मासे उतरतात त्या वेळी बंदरावर जावे आणि विकणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवावे की मासा कापू नये, पोट साफ करू नये आणि नळाखाली धुऊही नये. मासा कोणत्या भागातून आणि कोणत्या जाळ्याने आला, हे तेथेच विचारून लिहून घ्यावे. पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात बाजारात दिसणारा मासा शीतगृहातून किंवा दूरच्या बंदरावरून आलेला असू शकतो. तो ‘स्थानिक’ म्हणून नोंदवू नये.

प्रत्येक मासा स्वतंत्र प्लास्टिक पिशवीत घालून बर्फात ठेवावा. सगळे मासे एकाच पिशवीत आणले की एकाच्या कल्ल्यांवरून गळालेला कृमी दुसऱ्याच्या नावावर नोंदला जातो, आणि पुढची सारी आकडेमोड त्यामुळे निरुपयोगी होते.

मासा त्याच दिवशी उघडावा. यामागे दोन कारणे आहेत. कल्ल्यांवरील एकपोषी (एकाच पोषक प्राण्यावर आयुष्य काढणारे, म्हणजे मोनोजेनिया) चपटे कृमी मासा मेल्यानंतर लवकर मरतात आणि सुटून जातात. याउलट ॲनिसाकिस गटातील काही सूत्रकृमींच्या (दोऱ्यासारख्या गोल कृमींच्या) अळ्या मासा मेल्यावर अंतरेंद्रियांतून स्नायूंत शिरतात, त्यामुळे उशिरा उघडलेल्या माशातील अळ्या जिवंत माशात नेमक्या कोठे होत्या हे सांगता येत नाही. त्याच दिवशी काम उरकणे अशक्यच असेल तर मासा गोठवावा, पण नोंदवहीत ‘गोठवलेला’ असे लिहावे. गोठवलेल्या माशातील कृमी मोजता येतात, परंतु सूक्ष्म रचना पाहण्यास ते फारसे उपयोगी नसतात.

सावधान: मुशी आणि पाकट यांच्या आतड्यांत पट्टकृमींची (फितीसारख्या, खंडित कृमींची) विविधता मोठी असल्याने विद्यार्थ्यांचा त्यांच्याकडे ओढा असतो. तथापि करवत मासा, व्हेल शार्क आणि इतर काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत आहेत. मासा ओळखल्याशिवाय आणि मार्गदर्शकांना दाखवल्याशिवाय मुशी किंवा पाकट विकत घेऊ नये.

पडताळणी: मासा उघडण्यापूर्वी त्याचा क्रमांक, दिनांक, ठिकाण, छायाचित्र, वजन आणि लांबी या सहाही नोंदी झाल्या आहेत ना? लांबी दोन प्रकारे मोजतात. एकूण लांबी शेपटीच्या टोकापर्यंत असते आणि प्रमाण लांबी शेपटीच्या मुळापर्यंत. कोणतीही एक निवडून शेवटपर्यंत तीच ठेवावी.

३. बाह्य तपासणी आणि कल्ले

सर्वप्रथम पिशवीच्या तळाशी उरलेले पाणी पेट्री डिशमध्ये ओतून पाहावे. गळालेले कृमी तेथेच सापडतात, आणि नेमके हेच पाणी बहुतेक जण मोरीत ओतून टाकतात. मग त्वचा, पंखांची मुळे, तोंडाची पोकळी आणि कल्ल्यांचे झाकण पाहावे.

कल्ल्यांच्या कमानी दोन्ही टोकांना कापून एकेक वेगळी काढावी आणि डाव्या-उजव्या बाजूंसह बाहेरून आत असे क्रमांक देऊन स्वच्छ, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवावी. येथे गोडे पाणी वापरू नये. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक तंतू सुईने बाजूला सारत पाहावा. एकपोषी कृमी मागच्या टोकावरील आकड्यांनी किंवा पकडींनी तंतूला घट्ट धरून असतात. त्यांना चिमट्याने ओढले तर तो भाग कल्ल्यातच राहतो, आणि जातीची ओळख नेमकी त्याच भागावरून होते. म्हणून तंतूचा तेवढा तुकडा कापून घ्यावा आणि कृमी बारीक सुईने सोडवावा.

कल्ल्यांच्या पोकळीत दिसणारा पायांचा, खंडित शरीराचा, बोटाच्या पेरापर्यंत वाढणारा ‘किडा’ हा कृमी नसून आयसोपॉड असतो, म्हणजे कवचधारी प्राणी. बांगड्यात तो अधूनमधून सापडतो. त्याची नोंद स्वतंत्र रकान्यात करावी.

४. पोट उघडणे

कात्रीचे बोथट पाते आत ठेवून गुदद्वाराच्या किंचित पुढून गळ्यापर्यंत छेद घ्यावा. टोकदार पाते आत गेले तर आतडे फाटते आणि आतले कृमी देहगुहेत सांडतात. मग देहगुहेतील कोणते आणि आतड्यातील कोणते, हे ठरवता येत नाही.

कोणताही अवयव बाहेर काढण्यापूर्वी देहगुहा जागच्या जागी पाहावी. यकृताच्या पृष्ठभागावर आणि आतडी बांधून ठेवणाऱ्या पडद्यावर घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळलेल्या, पांढुरक्या, साधारण दोन सेंटिमीटर लांबीच्या अळ्या दिसल्या, तर त्या बहुधा ॲनिसाकिस किंवा त्याच्या जवळच्या वंशांतील असतात. वाकटीत त्या विशेष करून शोधाव्यात. तांदळाच्या दाण्यासारख्या किंवा त्याहून मोठ्या, पिवळसर पांढऱ्या पिशव्या दिसल्या तर त्यांत शुंडधारी (काटेरी सोंडा असलेल्या) पट्टकृमींच्या अळ्या असू शकतात. त्या सुरमई आणि ढोमा यांसारख्या माशांत आढळतात आणि त्यांचे प्रौढ रूप मुशी-पाकटांच्या आतड्यांत असते. तांबोशी, गोबरा आणि ढोमा या माशांच्या गाभोळीत लालभडक, दोऱ्यासारखा कृमी दिसल्यास ती बहुधा फिलोमेट्रा वंशाची मादी असते. ती गोड्या पाण्यात टाकली की फुटते आणि तिच्या पोटातील असंख्य अळ्या पसरतात, म्हणून तिला केवळ मिठाच्या पाण्यातच ठेवावे.

यानंतर यकृत, पित्ताशय, जठर, जठराच्या टोकाच्या अंधनलिका, आतडे, वाताशय (हवेची पिशवी), वृक्क (मूत्रपिंड) आणि जननग्रंथी प्रत्येकी वेगळ्या पेट्री डिशमध्ये ठेवाव्यात. डिशखाली अवयवाचे नाव लिहिलेली चिठ्ठी आधीच हवी. माशाचे लिंगही याच वेळी नोंदवावे, कारण जननग्रंथी कापल्यानंतर ते राहून जाते.

पडताळणी: प्रत्येक अवयवासमोर नोंदवहीत काहीतरी लिहिले गेले पाहिजे. काही न सापडल्यास ‘शून्य’ लिहावे. मोकळा सोडलेला रकाना ‘सापडले नाही’ आणि ‘पाहिलेच नाही’ या दोन्ही अर्थांनी वाचता येतो.

५. जठर आणि आतडे

जठर आणि आतडे बारीक कात्रीने लांबीच्या दिशेने उघडावे आणि आधी उघड्या डोळ्यांनी दिसणारे मोठे कृमी पाहून घ्यावेत. पट्टकृमी दिसताच तो ओढून काढण्याचा मोह आवरावा. त्याचे डोके आतड्याच्या अस्तरात रुतलेले असते, आणि ओढल्यावर हाती फक्त खंडांची माळ येते. डोक्याभोवतीचा अस्तराचा तुकडा कापून मिठाच्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवला की बहुधा काही वेळाने कृमी आपण होऊन सुटतो. काटेरी शुंडेचे कृमी, म्हणजे ॲकँथोसेफाला, यांनाही हाच नियम लागू आहे. बोयच्या आतड्यात ते पाहायला मिळतात.

लहान पर्णकृमींसाठी (पानासारख्या चपट्या कृमींसाठी) निवळण्याची पद्धत वापरावी. उघडलेले आतडे मिठाच्या पाण्याने अर्ध्या भरलेल्या चंबूत घालून, तोंड बंद करून, जोराने हलवावे. आतडे काढून घेऊन गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे गढूळ पाणी हलक्या हाताने ओतून टाकावे. पुन्हा मिठाचे पाणी घालावे, आणि वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत हे करत राहावे. शेवटी उरलेला गाळ थोडा-थोडा घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहावा. ज्या आतड्यात डोळ्यांना एकही कृमी दिसला नाही त्याच्या गाळातही पर्णकृमी निघू शकतात. म्हणूनच ही पायरी गाळून लिहिलेले ‘संसर्ग नाही’ हे निष्कर्ष विश्वासार्ह मानता येत नाहीत.

मुशी-पाकटांत आतड्याच्या आत सर्पिल झडप असते. तेथे आतडे मोठी रक्तवाहिनी टाळून उभे चिरावे आणि मिठाच्या पाण्याऐवजी गाळलेले समुद्राचे पाणी वापरावे.

सावधान: जठरात सापडलेली प्रत्येक लांबट वस्तू परजीवी नसते. समुद्रतळाशी चरणाऱ्या माशांच्या जठरात त्यांनी खाल्लेले वलयी कृमी असतात. खंडित शरीर आणि दोन्ही बाजूंचे ताठ केस यांवरून ते ओळखावेत. अर्धवट पचलेले पदार्थ, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांचे तुकडेही नवख्याला फसवतात. शंका आल्यास मिठाच्या पाण्यात ठेवून हालचाल होते का ते पाहावे.

६. स्नायूंची तपासणी

त्वचा काढून मांसाचे पातळ काप करावेत आणि ते काचेवर ठेवून खालून पांढरा प्रकाश सोडावा. या पद्धतीत खोलवरच्या किंवा गडद मांसातील अळ्या निसटतात, त्यामुळे बांगड्यासारख्या गडद मांसाच्या माशात तिच्यावर भिस्त ठेवू नये. ज्यांच्याकडे अतिनील दिवा आहे त्यांनी काप प्लास्टिकच्या पिशवीत दाबून पातळ करावेत, गोठवावेत आणि वितळल्यावर ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात पाहावेत. मेलेल्या ॲनिसाकिस अळ्या त्यात चमकतात.

घरचे आणि शेजारचे लोक या टप्प्यावर हमखास विचारतात की हा मासा खावा की नाही. शुंडधारी पट्टकृमींच्या अळ्या माणसात वाढत नाहीत, त्या केवळ किळसवाण्या दिसतात. ॲनिसाकिसची जिवंत अळी मात्र कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या माशातून पोटात गेली तर तीव्र पोटदुखी होऊ शकते. माशाच्या गाभ्याचे तापमान ६३ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले की ती मरते, आणि आपल्याकडील कालवण किंवा नीट तळलेली तुकडी ही अट सहज पूर्ण करते. लिंबू, व्हिनेगर किंवा मीठ लावून ठेवणे हा भरवशाचा उपाय नाही. कच्चा खायचा मासा उणे २० अंश किंवा त्याखाली ७ दिवस गोठवावा, अशी अमेरिकी अन्न प्रशासनाची शिफारस आहे, आणि घरगुती फ्रिजचा वरचा कप्पा त्या तापमानाला सतत राहीलच असे नाही. ज्यांना ॲनिसाकिसची ॲलर्जी आहे त्यांना शिजवलेल्या माशानेही त्रास होऊ शकतो, कारण या कृमीची काही प्रथिने उष्णतेने नष्ट होत नाहीत. प्रयोगशाळेत रसायनांजवळ उघडलेला मासा अर्थातच कोणी खाऊ नये.

७. कृमी मारणे आणि स्थिर करणे

जिवंत कृमी थेट थंड फॉर्मॅलिनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये टाकला की तो आक्रसतो, वळतो आणि तसाच कडक होतो. मग कोणत्याही उपायाने तो सरळ होत नाही. प्रथम कुंचल्याने त्याच्या अंगावरील श्लेष्मा आणि घाण मिठाच्या पाण्यात धुऊन काढावी. पुढची कृती गटाप्रमाणे बदलते.

पर्णकृमी: अगदी थोड्या मिठाच्या पाण्यात ठेवावेत आणि त्यांवर वाफाळते, उकळीच्या जवळ आलेले मिठाचे पाणी एकदम ओतावे. ते क्षणात सरळ मरतात. लगेच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये हलवावेत. दोन काचपट्ट्यांत दाबून स्थिर करण्याची रीत आपल्याकडे अजून अनेक ठिकाणी शिकवली जाते. ती सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दाबल्याने शरीराची रुंदी, चूषकांचा (चिकटून राहण्याच्या वाट्यांचा) आकार आणि अवयवांची परस्पर स्थिती बदलते, आणि जातीचे वर्णन तर याच मापांवर उभे असते.

पट्टकृमी: डोके सुटल्याची खात्री झाल्यावर त्यांनाही गरम मिठाच्या पाण्याने मारावे आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवावे. मुशी-पाकटांतील कृमींसाठी येथेही समुद्राचेच पाणी गरम करावे. शुंडधारी अळ्या पिशवीतून सुईने सोडवून काही वेळ साध्या पाण्यात ठेवाव्यात, म्हणजे आत ओढलेल्या चार काटेरी शुंडा बाहेर येतात. त्या बाहेर आल्याशिवाय ओळख होत नाही.

सूत्रकृमी: गरम मिठाच्या पाण्यात सरळ झाल्यावर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. त्यात ५ टक्के ग्लिसरीन घातल्यास बाटलीतील अल्कोहोल उडून गेले तरी नमुना वाळत नाही.

ॲकँथोसेफाला: हा गट अपवाद आहे. यांना गरम पाणी लगेच लावू नये. ऊर्ध्वपातित पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे, म्हणजे शरीर फुगते आणि शुंडा पूर्ण बाहेर येते. त्यानंतर ७० टक्के अल्कोहोल वापरावे. शुंडेवरील काट्यांच्या रांगा मोजता आल्या नाहीत तर नमुना ओळखीसाठी जवळपास निरुपयोगी आहे.

एकपोषी कृमी: काही फॉर्मॅलिनमध्ये ठेवावेत आणि काहींचे आकडे व पकडी ताज्या अवस्थेतच काचपट्टीवर पाहून त्यांची रेखाचित्रे काढावीत.

सावधान: फॉर्मॅलिनमध्ये गेलेला नमुना डीएनए तपासणीसाठी जवळजवळ वाया जातो. प्रत्येक गटातील एक-दोन कृमी, किंवा मोठ्या कृमीच्या मधल्या भागाचा तुकडा, गरम न करता थेट ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा आणि त्यावर तोच मासा-क्रमांक घालावा.

पडताळणी: बाटलीतील लेबलावर माशाचा क्रमांक, माशाची जात, अवयव, ठिकाण, दिनांक आणि कृमींची संख्या आहे ना?

८. रंजन आणि ओळख

चपट्या कृमींना ॲसिटोकार्माइन किंवा बोरॅक्स कार्माइन द्यावे, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांनी निर्जल करावे, लवंगेच्या तेलात किंवा झायलीनमध्ये पारदर्शक करून कॅनडा बाल्सममध्ये बसवावे. पायऱ्या घाईने चढल्या तर आत पाणी राहते आणि नमुना दुधाळ दिसतो. तसे झाल्यास मागे जाऊन पुन्हा निर्जल करावे. ॲकँथोसेफालाचे आवरण जाड असते, म्हणून रंगात घालण्यापूर्वी शरीराला बारीक सुईने दोन-तीन छिद्रे पाडावीत. सूत्रकृमींना रंग लागत नाही, त्यांना ग्लिसरीनमध्ये हळूहळू पारदर्शक करून तात्पुरत्या काचपट्टीवर पाहावे.

अळी-अवस्थेतील सूत्रकृमी जातीपर्यंत नेण्याचा आग्रह धरू नये. तोंडाजवळचा भेदक दात, अन्ननलिकेमागील भागाची लांबी, आतड्याला पुढे फुटलेला कप्पा आहे की नाही आणि उत्सर्जन-छिद्राची जागा यांवरून वंश सांगता येतो. ॲनिसाकिसमध्ये हे छिद्र ओठांच्या मुळाशी असते, तर हिस्टेरोथायलॅशियममध्ये ते चेतावलयाच्या (अन्ननलिकेभोवतीच्या मज्जातंतूंच्या कड्याच्या) आसपास असते. जातीसाठी मात्र डीएनए लागतो.

वर्णनाशी नमुना जुळला नाही की ‘नवी जाती’ जाहीर करण्याची घाई होते. न जुळण्याचे पहिले संभाव्य कारण नेहमी आपला नमुना बिघडलेला असणे हेच धरावे. माशाचे आणि कृमीचे सध्या मान्य असलेले नाव ‘फिशबेस’ आणि ‘वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज’ येथे तपासावे, कारण जुन्या पुस्तकांतील अनेक नावे बदलली आहेत.

९. आकडेमोड

येथे तीन संज्ञा एकमेकींत मिसळल्या जातात. समजा, ४० वाकट्या तपासल्या, त्यांपैकी १२ मध्ये एका विशिष्ट जातीचे कृमी मिळाले आणि त्यांची एकूण संख्या ६० भरली. संसर्गाचे प्रमाण म्हणजे १२ भागिले ४०, अर्थात ३० टक्के. सरासरी तीव्रता काढताना भागाकार फक्त संसर्ग झालेल्या माशांनी करायचा, म्हणून ६० भागिले १२, अर्थात ५. सरासरी विपुलता काढताना तपासलेल्या सर्व माशांनी भागायचे, म्हणून ६० भागिले ४०, अर्थात १.५. हे तिन्ही आकडे कृमीच्या प्रत्येक जातीसाठी वेगळे काढावेत. सर्व कृमी एकत्र करून काढलेल्या ‘एकूण संसर्गा’तून कोणत्याही एका जातीविषयी काही कळत नाही.

कृमींचे वितरण माशांमध्ये सहसा असमान असते. थोड्या माशांत पुष्कळ आणि बहुतेकांत थोडे किंवा शून्य. वरच्या उदाहरणातील ६० पैकी ३५ कृमी एकाच वाकटीत असू शकतात, आणि सरासरी ५ या आकड्यावरून ते कोणालाही समजणार नाही. म्हणून तीव्रतेसोबत किमान आणि कमाल संख्या द्यावी आणि मासेनिहाय मूळ तक्ता परिशिष्टात जोडावा.

लेखनासाठी वापरलेले नमुने प्रकल्प संपल्यावर टाकून देऊ नयेत. काचपट्ट्या आणि बाटल्या महाविद्यालयाच्या संग्रहात क्रमांक देऊन ठेवाव्यात. महत्त्वाची नोंद असेल तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्राशी आधी पत्रव्यवहार करून नमुने तेथे जमा करता येतील का ते विचारावे, आणि मिळालेला नोंदणी-क्रमांक अहवालात त्या जातीच्या नावापुढे छापावा.